अडलेले उदाहरण घेऊन कोणाकडे आणि कसे जावे: पदवीच्या भौतिकशास्त्र, गणित आणि संभाव्यतेच्या गृहपाठासाठी

ट्यूटोरियलच्या तासाला विद्यार्थी पुस्तक उघडून पुढे करतो, एका उदाहरणावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "सर, हे येत नाही." त्याची वही मात्र बंद असते. त्याच्या शेजारची विद्यार्थिनी वही उघडून दाखवते. तिचेही उत्तर आलेले नसते, पण पानावर आकृती असते, तीन ओळी असतात आणि तिसऱ्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलेले असते. पहिल्या विद्यार्थ्याला मला पूर्ण उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे लागते; तो ते उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात तसेच दुसरे उदाहरण घेऊन येतो. दुसरीचे काम दोन मिनिटांत होते, आणि बहुतेक वेळा त्या प्रकारचे उदाहरण तिला पुन्हा अडत नाही. बारावीपर्यंत क्लासमध्ये सोडवलेली उदाहरणे पाहून अभ्यास करण्याची सवय लागलेली असते. ती बी.एस्सी.च्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात अपुरी पडू लागते, कारण इथे येणारे उदाहरण आधी पाहिलेल्या साच्यात बसेलच असे नाही. म्हणून मदत घेणे ही गोष्टसुद्धा शिकावी लागते. ती कशी घ्यावी हे मी इथे क्रमाने सांगतो.

प्रश्न आधी आपल्या भाषेत मांडा

उदाहरण अडले असे वाटते तेव्हा पुष्कळदा प्रश्नच नीट वाचलेला नसतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत याचे एक खास कारण आहे. अवघड पारिभाषिक शब्द ते शब्दकोशात पाहतात. त्यांना फसवतात ते सोपे दिसणारे इंग्रजी शब्द. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे जिचे वस्तुमान विचारात घ्यायचे नाही अशी दोरी. तिचा प्रकाशाशी काही संबंध नाही. 'स्मूथ' पृष्ठभाग म्हणजे घर्षण शून्य मानायचे, आणि 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. हे तीन शब्द म्हणजे प्रश्नात दिलेल्या तीन किमती आहेत, आणि त्या आकड्यांत लिहिलेल्या नसल्यामुळेच सुटून जातात.

'नॉर्मल' या एका शब्दाचे तर तीन अर्थ तीन तासांना भेटतात. यामिकीत तो पृष्ठभागाने दिलेले लंब बल असतो, भूमितीत वक्राला काढलेली लंबरेषा असतो आणि संभाव्यतेत प्रसामान्य वितरण असतो. 'डिग्री' हा शब्द कोनाचा अंश असतो, बहुपदीची कोटी असतो आणि संख्याशास्त्रात स्वातंत्र्याच्या मात्रा मोजताना तिसऱ्याच अर्थाने येतो. अशा शब्दांची एक वेगळी यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावी. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने गणितशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे परिभाषा कोश तयार केलेले आहेत व ते इंटरनेटवरही पाहता येतात. मराठीतून विचार करणाऱ्याने ते जवळ ठेवावेत, कारण संज्ञा मातृभाषेत कळली की इंग्रजी वाक्य अर्धे उलगडते.

यानंतर पुस्तक मिटून प्रश्न स्वतःच्या शब्दांत एकदा लिहावा: काय दिले आहे, काय विचारले आहे, कोणत्या अटी आहेत. हे मिटल्या पुस्तकाने जमले नाही तर मदत मागण्याची वेळ अजून आलेली नाही. प्रश्न पुन्हा वाचण्याची वेळ आहे.

नेमके कुठे अडले ते शोधा

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे मांडले: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून तपासणे. हे टप्पे सोडवण्यासाठी सांगितलेले असले तरी आपण कुठे अडलो आहोत हे ओळखण्यासाठी ते जास्त उपयोगी पडतात असे माझे मत आहे. 'कोणते सूत्र वापरायचे ते कळत नाही' ही एक अडचण आहे, 'सूत्र कळले पण संकलन (इंटिग्रेशन) सुटत नाही' ही दुसरी आणि 'उत्तर आले पण ते विचित्र दिसते' ही तिसरी. तिघांना लागणारी मदत वेगवेगळी असते.

तिसऱ्या प्रकारचे एक उदाहरण जवळून पाहू. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर ठेवला आहे आणि स्थितिक घर्षण गुणांक ०.७ आहे, ठोकळ्याची गती काढा. विद्यार्थी वजन ४९ न्यूटन काढतो, उताराच्या दिशेचा घटक २४.५ न्यूटन काढतो, लंब बल सुमारे ४२.४ न्यूटन काढतो आणि त्याला ०.७ ने गुणून घर्षण बल २९.७ न्यूटन लिहितो. मग वजाबाकी करून ५.२ न्यूटन निव्वळ बल उताराच्या वरच्या दिशेने येते आणि त्वरण १.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुणाकार, भागाकार, कोनाच्या किमती, सगळे बरोबर आहे. पण या उत्तराचा अर्थ असा होतो की कोणीही न ढकलता ठोकळा स्वतःहून उतार चढू लागला.

हे लक्षात आलेला विद्यार्थी जेव्हा येऊन म्हणतो, "माझा ठोकळा वर चालला आहे, हे शक्य नाही, पण चूक सापडत नाही," तेव्हा शिकवणाऱ्याला मनापासून आनंद होतो. त्याला एवढेच सांगायचे असते की गुणांक आणि लंब बल यांचा गुणाकार ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष घर्षण गरजेपुरतेच असते. इथे गरज २४.५ न्यूटनांची आहे, मर्यादा २९.७ ची आहे, म्हणून घर्षण २४.५ आणि ठोकळा जागच्या जागी. उत्तर विचित्र आहे हे ज्याला दिसलेच नाही, त्याने तेच उत्तर जर्नलमध्ये शाईने लिहून सादर केलेले असते.

म्हणून कोणाकडे जाण्याआधी उत्तराची परीक्षा घ्यावी. एकके जुळतात का? चिन्ह बरोबर आहे का? टोकाच्या स्थितीत सूत्र काय सांगते? कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या दोन टोकांना दोन वस्तुमाने लटकवली, तर त्वरण म्हणजे वस्तुमानांचा फरक भागिले त्यांची बेरीज, गुणिले गुरुत्वत्वरण. दोन्ही वस्तुमाने समान घेतली तर त्वरण शून्य यायला हवे आणि येते; एक वस्तुमान शून्य केले तर दुसरे मुक्तपणे पडायला हवे आणि पडते. फरक आणि बेरीज यांची अदलाबदल झाली असती तर या दोन प्रश्नांनी ती लगेच पकडली असती. कलनातही असेच. एक भागिले क्ष-वर्ग या फलाचे (फंक्शनचे) −१ ते १ असे संकलन करताना ठरलेल्या पद्धतीने किमती घातल्या की −२ येतात. जे फल सगळीकडे धन आहे त्याच्याखालचे क्षेत्रफळ ऋण कसे येईल, हा प्रश्न पडला की शून्यापाशी फल अमर्याद होते हे आपोआप दिसते. ते संकलन त्या अंतरालात अस्तित्वातच नाही.

यासाठी किती वेळ द्यावा? एका उदाहरणावर २० ते ३० मिनिटे खरोखर पेन चालवून काम करावे, मग ते बाजूला ठेवून दुसरे घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत यावे. तरीही अडले तर विचारावे. हा अंदाज माझा आहे. पण दोन्ही टोके मी पाहिली आहेत: पाच मिनिटांत उत्तर शोधायला जाणारे, आणि संकोचापायी एकाच उदाहरणावर तीन दिवस घालवून बाकीचे नऊ सोडून देणारे. दुसऱ्यांची मला अधिक काळजी वाटते.

संभाव्यता: इथे आकडा खूप उशिरा येतो

संभाव्यतेला स्वतंत्र जागा द्यावी लागते, कारण या विषयात चुकीचे उत्तर विचित्र दिसत नाही. ठोकळा उतार चढला की खटकते. १/८ ऐवजी २/९ आले तर काहीच खटकत नाही. उत्तर शून्य ते एकच्या बाहेर गेले तर चूक नक्की, पण आत असले म्हणून ते बरोबर ठरत नाही.

एका पेटीत १० बल्ब आहेत, त्यांपैकी ३ सदोष. दोन बल्ब काढले, पहिला परत न ठेवता. त्यांतील किमान एक सदोष आहे एवढे कळले, तर दोन्ही सदोष असण्याची संभाव्यता किती? वर्गातील बरेच विद्यार्थी असा विचार करतात: एक तर सदोष आहेच, तो बाजूला ठेवू, उरलेल्या ९ बल्बांत २ सदोष, म्हणून उत्तर २/९. पुस्तकामागे उत्तर १/८ असते. मग पुस्तक चुकले असे वाटते, किंवा 'सूत्र लावायला हवे होते' असे म्हणून सूत्र पाठ केले जाते. दोन्हींनी मूळ गैरसमज तसाच राहतो.

मोजून पाहू. १० बल्बांतून २ निवडण्याचे ४५ मार्ग आहेत. दोन्ही सदोष अशा जोड्या ३, दोन्ही चांगले अशा २१ आणि एक सदोष व एक चांगला अशाही २१. 'किमान एक सदोष' हे कळल्यावर दोन्ही चांगल्या असलेल्या २१ जोड्या बाद होतात आणि २४ उरतात. त्यांत ३ हव्या तशा, म्हणून ३/२४, म्हणजेच १/८. मग २/९ हे कशाचे उत्तर होते? 'पहिला काढलेला बल्ब सदोष निघाला' ही माहिती असती तर ते बरोबर ठरले असते. 'पहिला' म्हटल्यावर कोणता बल्ब ते ठरते. 'किमान एक' म्हटल्यावर ते ठरत नाही, आणि 'तो बाजूला ठेवू' असे म्हणताना आपण न मिळालेली माहिती गुपचूप वापरलेली असते. संभाव्यतेत अडलेली बरीचशी उदाहरणे याच जागी अडलेली असतात: कोणती माहिती खरोखर मिळाली आहे?

इथे एक उपाय घरी करण्यासारखा आहे. दहा चिठ्ठ्या घ्याव्यात, तिघांवर खूण करावी आणि दोन-दोन चिठ्ठ्या काढून नोंद ठेवावी. २०० वेळा केले तर सुमारे १०७ वेळा किमान एक खुणेची निघेल आणि त्यांत सुमारे १३ वेळा दोन्ही खुणेच्या निघतील, थोडे इकडेतिकडे होईल. ज्याला पायथन येते त्याने आठ-दहा ओळींत हाच प्रयोग लाखभर वेळा करावा. ही सिद्धता नव्हे, पण १/८ आणि २/९ यांतील खरे कोणते एवढे नक्की ठरते, आणि चुकलेल्या विचाराबद्दलचा हट्ट सुटतो.

आणखी एक जोडी कायम गोंधळ करते: स्वतंत्र घटना आणि परस्पर अपवर्जक घटना. फासा टाकल्यावर सम संख्या येणे आणि विषम संख्या येणे या परस्पर अपवर्जक घटना आहेत, म्हणजे एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. एकीबद्दल कळले की दुसरीबद्दल सगळे कळते. असे असताना त्यांना 'स्वतंत्र' कसे म्हणता येईल? ज्यांची संभाव्यता शून्य नाही अशा दोन परस्पर अपवर्जक घटना कधीच स्वतंत्र नसतात. हे वाक्य पाठ न करता फाशाच्या उदाहरणाने एकदा पटवून घ्यावे.

प्रश्न लिहून कसा विचारावा

शिक्षकांना भेटायचे असो, मेल करायचा असो की सीनियरला व्हॉट्सॲपवर विचारायचे असो, प्रश्नात चार गोष्टी याव्यात: उदाहरण पूर्ण, तुम्ही केलेले काम, ते कुठे थांबले, आणि नेमका प्रश्न. 'मॅडम, संभाव्यतेचे चौथे येत नाही, प्लीज सांगा' हा संदेश वाचून मॅडमना काहीच करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

"नमस्कार मॅडम. मी प्रथम वर्षाच्या ब तुकडीत आहे. संभाव्यतेच्या ट्यूटोरियलमधील चौथे उदाहरण अडले आहे. पेटीत १० बल्ब असून ३ सदोष आहेत. परत न ठेवता दोन काढले. किमान एक सदोष आहे हे कळल्यास दोन्ही सदोष असण्याची संभाव्यता विचारली आहे. एक सदोष बल्ब बाजूला ठेवून उरलेल्या ९ पैकी २ सदोष, असा विचार करून मी २/९ काढले. जोड्या मोजल्या तर १/८ येते आणि पुस्तकातही तेच आहे. मोजणी पटते, पण माझ्या पहिल्या विचारात कोणते पाऊल चुकले ते कळत नाही. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. उद्या दुपारी आपण विभागात असाल तर पाच मिनिटे भेटू का?"

हा संदेश लिहितानाच पुष्कळांना उत्तर सापडते. त्यात नवल नाही, कारण दुसऱ्याला समजावे म्हणून प्रत्येक पाऊल लिहावे लागते आणि गाळलेले पाऊल तेव्हाच दिसते. फोटो काढताना पान सरळ आणि उजेडात ठेवावे, ओळींना क्रमांक द्यावेत, म्हणजे उत्तर देणाऱ्याला 'पाचवी ओळ पाहा' एवढे म्हणता येते. खोडलेले कामही राहू द्यावे. आधी काय सुचले होते ते त्यातूनच कळते.

कोणाकडे जावे

पहिला मान आपल्याच शिक्षकांचा. अभ्यासक्रमात काय गृहीत धरले आहे आणि कोणती पद्धत अपेक्षित आहे हे त्यांनाच ठाऊक असते. तास संपल्यावर दाराशी गाठण्यापेक्षा वेळ विचारून विभागात जावे. 'सर रागावतील' ही भीती मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. केलेले काम घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यावर रागावणारे शिक्षक मला फारसे भेटलेले नाहीत, आणि एकाकडे जमले नाही तर त्याच विभागात दुसरे असतात.

त्यानंतर सीनियर. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात 'एम-थ्री'चा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचा, धसका घेतलेल्यांना नुकताच तो विषय सोडवलेला सीनियर कधीकधी प्राध्यापकांपेक्षा चांगले समजावतो, कारण स्वतः कुठे अडलो होतो ते त्याला अजून आठवत असते. मात्र 'हा टाइप असाच करायचा' असे सांगणाऱ्याला 'का?' हे एकदा विचारावे. उत्तर आले नाही तर ती पद्धत तात्पुरती वापरा आणि कारण दुसरीकडून मिळवा.

घरबसल्या मिळणारी साधनेही भरपूर आहेत. आयआयटी आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल आणि स्वयम् या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००१ साली ओपनकोर्सवेअरची, म्हणजे आपले अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची, घोषणा केली. तिथे अनेक अभ्यासक्रमांचे गृहपाठ उत्तरांसह ठेवलेले आहेत, आणि संभाव्यता व संख्याशास्त्राचा १८.०५ हा अभ्यासक्रम नवख्यांनी आवर्जून पाहावा असा आहे. रिचर्ड फाइनमन यांची भौतिकशास्त्राची व्याख्याने अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ती गृहपाठासाठी नसली तरी एखादी संकल्पनाच कळली नसेल तेव्हा फार आधार देतात. व्हिडिओ पाहताना एक शिस्त पाळावी: उदाहरण मांडून झाले की व्हिडिओ थांबवावा, स्वतः पुढची ओळ लिहावी आणि मगच पुढे पाहावे. सलग पाहिलेल्या व्हिडिओने कळल्यासारखे वाटते, आणि वही उघडल्यावर हात चालत नाही.

गणितात खोल जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९९३ पासून एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा उन्हाळी कार्यक्रम चालतो. तिथे तयार व्याख्यानांपेक्षा प्रश्नोत्तरांतून विषय उभा केला जातो, म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून त्याची माहिती ठेवावी.

सिद्धता अडली असेल तर

'सिद्ध करा' या प्रश्नांसाठी मदत मागण्याची रीत थोडी वेगळी आहे, कारण उत्तर प्रश्नातच दिलेले असते. दोन अभिसारी क्रमिकांची (ज्यांची पदे एका ठरावीक संख्येच्या हवी तितकी जवळ जातात अशा क्रमिकांची) बेरीज अभिसारी असते, ही विश्लेषणातील सुरुवातीची सिद्धता घ्या. एप्सिलॉन म्हणजे चालेल एवढी चूक, कितीही लहान पण धन. पुस्तकात पहिल्याच ओळीत 'एप्सिलॉन भागिले २ घेऊ' असे येते आणि वाचणाऱ्याला वाटते की हे लेखकाला कुठून सुचले. सुचले ते शेवटाकडून. आपल्याला एकूण चूक एप्सिलॉनपेक्षा कमी ठेवायची आहे, चुकीला हातभार लावणाऱ्या क्रमिका दोन आहेत, म्हणून प्रत्येकीला अर्धा वाटा दिला. एकीला एक तृतीयांश आणि दुसरीला दोन तृतीयांश दिला असता तरी चालले असते. पहिल्या क्रमिकेला एका पदापासून पुढे तिचा वाटा पाळता येतो, दुसरीला कदाचित बरेच नंतर. म्हणून दोन्हींतील मोठा क्रमांक घ्यायचा.

तेव्हा सिद्धतेबद्दल विचारताना 'ही सिद्धता समजावा' असे न म्हणता 'ही ओळ इथे का आली' असे विचारावे. त्याआधी व्याख्या, इथे अभिसारी क्रमिकेची, न पाहता लिहून पाहावी. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक क्रमांक सापडतो' आणि 'असा एक क्रमांक सापडतो की प्रत्येक एप्सिलॉनसाठी चालतो' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. दुसरे खरे व्हायचे तर क्रमिका त्या पदापासून पुढे स्थिरच असावी लागेल. सिद्धता अडल्याची तक्रार घेऊन आलेल्यांना मी प्रथम व्याख्या लिहायला सांगतो, आणि पुष्कळदा अडचण तिथेच सापडते.

संगणक आणि एआय

आलेख पाहण्यासाठी जिओजेब्रा, बैजिक काम पडताळण्यासाठी वुल्फ्रम अल्फा किंवा पायथनमधील सिम्पाय ही साधने चांगली आहेत. आपले उत्तर आणि यंत्राचे उत्तर जुळते का, हा प्रश्न त्यांना विचारावा. पण जुळले नाही तर चूक आपली आपणच शोधावी.

संभाषण करणाऱ्या एआय साधनांबद्दल मला सावधपणे सांगावेसे वाटते. ती संकल्पना वेगवेगळ्या शब्दांत, मराठीतूनही, समजावू शकतात, आणि रात्री अकरा वाजता विचारायला कोणी नसते तेव्हा ही लहान गोष्ट नव्हे. पण ती चुकीचे पाऊलही तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात, आणि तुम्ही ठाम आग्रह धरलात तर कधीकधी तुमच्या चुकीलाही होकार देतात. म्हणून आधी स्वतःचे काम लिहून द्यावे आणि असे सांगावे: 'पूर्ण उत्तर देऊ नकोस, माझ्या कोणत्या ओळीत पहिली चूक आहे तेवढे सांग.' आलेल्या प्रत्येक ओळीचे कारण स्वतः तपासता येत नसेल तर ती ओळ वहीत उतरवू नये. पैसे घेऊन असाइनमेंट पूर्ण करून देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. तोंडी परीक्षेत 'हे पाऊल का?' एवढ्या एका प्रश्नावर ते उघडे पडते.

मदत मिळाल्यावर

कोणी समजावत असताना सगळे उतरवत बसू नये. जिथे अडले होते ती ओळ आणि ती ओलांडण्याचे कारण, एवढेच टिपावे. समजावणाऱ्याला आपल्या शब्दांत एकदा परत सांगावे: "म्हणजे घर्षण गरजेपुरतेच असते, गुणाकार ही फक्त मर्यादा, बरोबर?" नुसते 'हो, समजले' म्हटल्याने समोरच्याला काहीच कळत नाही, आणि अनेकदा आपल्यालाही.

दुसऱ्या दिवशी कोरे पान घेऊन तेच उदाहरण काहीही न पाहता सोडवावे. त्यानंतर त्यात एक बदल करावा. उतार ३० ऐवजी ४० अंश केला तर? मग उताराच्या दिशेचा घटक सुमारे ३१.५ न्यूटन होतो, घर्षणाची मर्यादा सुमारे २६.३ न्यूटनांवर उतरते आणि ठोकळा घसरतो. आता गतिक घर्षण गुणांक लागेल आणि तो तर प्रश्नात दिलेलाच नाही. बल्ब परत ठेवून काढले तर? दोन्ही सदोष येण्याची संभाव्यता ९/१००, किमान एक सदोष येण्याची ५१/१००, म्हणून उत्तर ३/१७. असा बदल स्वतः करून सोडवता आला तर ते उदाहरण तुमचे झाले.

पुस्तकामागचे उत्तर आणि आपले उत्तर जुळत नाही, असेही होते, आणि छापील उत्तरे चुकतात, विशेषतः घाईने काढलेल्या गाइडमध्ये. पण तसा निष्कर्ष काढण्याआधी दुसऱ्या पद्धतीने सोडवून पाहावे: यामिकीत बलांऐवजी ऊर्जेने, संभाव्यतेत सूत्राऐवजी मोजणीने. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की शिक्षकांना निर्धास्तपणे दाखवावे.

मित्रांबरोबर अभ्यास करणार असाल तर चर्चा एकत्र करा आणि लेखन वेगवेगळे. चर्चा संपली की फळा पुसावा, फोटो न काढता, आणि प्रत्येकाने आपापल्या घरी उत्तर लिहावे. ज्याच्याशी चर्चा केली त्याचे नाव असाइनमेंटखाली एका ओळीत लिहिण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही, पण ती असावी असे मला मनापासून वाटते. त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटी, सबमिशन उद्या आहे, विचारायला कोणी नाही आणि दोन उदाहरणे अजून अडलेली आहेत, अशी रात्र प्रत्येकाला येते. अशा वेळी मित्राच्या वहीतून ती उतरवू नयेत. जेवढे झाले तेवढे स्वच्छ लिहावे आणि खाली लिहावे: 'इथपर्यंत आलो. यापुढे लंब बलाची दिशा ठरवता आली नाही. उत्तराचे एकक न्यूटन यायला हवे, पण माझ्या सूत्रात किलोग्रॅम येत आहे.' सबमिशनचा गठ्ठा तपासताना असे पान आले की मी त्या ओळीसमोर उत्तर लिहितो आणि पुढच्या तासाला त्या विद्यार्थ्याला आधी बोलावतो.